गॅरेटचा छापखाना : एका अमेरिकन मुद्रकाचे घराणे

जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ग्रंथाचे नाव असते, ग्रंथकर्त्याचे असते, शक आणि सन असतो, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. संदर्भसूची करताना ही तळाची ओळ गाळण्याची सवय आपल्याला विद्यार्थिदशेतच लागते. ग्रंथकार, प्रकाशक, वर्ष एवढे आले की नोंद पुरी झाली असे आपण मानतो. आपल्या वाङ्मयेतिहासानेही बहुधा तेच केले आहे. अव्वल इंग्रजीतील गद्यावर आपण पुष्कळ लिहिले. पण ते गद्य ज्यांच्या हातांनी, खिळ्यामागे खिळा लावून, कागदावर उतरले त्यांच्याविषयी लिहावयाचे तर अ. का. प्रियोळकर आणि बापूराव नाईक यांच्यासारख्या मोजक्या अभ्यासकांकडे वळावे लागते.

त्या तळाच्या ओळीतला एक माणूस आम्ही येथे निवडला आहे. त्याचे नाव जेम्स गॅरेट. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील यूटिका या गावचा तो मुद्रक. १८२१ पासून १८३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने मुंबईतील अमेरिकन मिशनचा छापखाना सांभाळला. तो धर्मोपदेशक नव्हता. विद्वान म्हणूनही त्याची ख्याती नाही. तो धंद्याने छापणारा होता, आणि म्हणूनच तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

गॅरेटच्या आधीची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची स्थापना १८१० ची. त्याने पाठवलेल्या पहिल्या तुकडीपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तो काळ इंग्लंड-अमेरिका युद्धाचा. कंपनी सरकारला हे पाहुणे नकोच होते. हद्दपारीचे हुकूम निघाले, दोघे गुपचूप कोचीनकडे निघून गेले, तेथून परत आणले गेले, आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या मवाळ वृत्तीमुळे अखेर मुंबईत राहिले. त्यांना मराठी शिकायची होती आणि मराठीत छापायचे होते. छापण्याचे यंत्र आणि नागरी खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. १८१६ मध्ये आलेल्या होरेशिओ बार्डवेल या मिशनऱ्याला मुद्रणाची जाण होती. त्याच्या देखरेखीखाली मार्च १८१७ मध्ये आठ पानांची एक पुस्तिका छापून तयार झाली. तिच्या दीड हजार प्रती काढल्या होत्या. मुंबईतील मराठी मुद्रणाच्या इतिहासात या पुस्तिकेला मानाचे स्थान आहे; तिच्या वाङ्मयीन गुणांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि ते योग्यच आहे.

बार्डवेलची प्रकृती मुंबईत टिकेना. १८२१ मध्ये तो मायदेशी परतला. छापखान्याला आता धंद्याचा माणूस हवा होता, आणि तो आला तो फार आडवाटेने.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मुद्रक होणे म्हणजे काय, हे समजायला बेंजामिन फ्रँकलिनचे चरित्र आठवावे. वयाच्या बाराव्या वर्षी तो आपल्या थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. कराराने बांधून घ्यायचे, मालकाच्या घरी जेवायचे, शाई कालवायची, कागद भिजवायचा, खिळे उलटे वाचायला शिकायचे आणि काही वर्षांनी कारागीर म्हणून बाहेर पडायचे, अशी ही रीत. ती आपल्याकडच्या सुतार-सोनारांच्या शिकवणीहून फारशी वेगळी नाही. फरक एवढाच की आपल्याकडे विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे जात असे, तिकडे ती करारपत्राने परक्याच्या मुलाकडे जाई. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या काळी यूटिकावरून एरी कालवा खोदला जात होता, पश्चिमेकडे वस्ती सरकत होती, आणि विल्यम विल्यम्ससारख्या मुद्रक-पुस्तकविक्रेत्यामुळे गावाला छपाईच्या धंद्यात नाव मिळाले होते. अशा गावांतले तरुण पश्चिमेला जमिनी घ्यायला जात, तसेच काही बोर्डाच्या हाकेने समुद्रापार जात. न्यूयॉर्क राज्यातलाच एलिशा लूमिस हा मुद्रक १८२० मध्ये हवाई बेटांवर गेला आणि जानेवारी १८२२ मध्ये त्याने तेथले पहिले छापील पान काढले. त्याच १८२० मध्ये गॅरेट सिलोनात जाफन्याला पोहोचला. मुंबई त्याच्या मनातही नव्हती. त्याला तमिळ छापायचे होते.

पण सिलोनात सर एडवर्ड बार्न्स याचा अंमल होता. आणखी अमेरिकन माणसे त्याला बेटावर नको होती, आणि अमेरिकन मुद्रक तर नकोच. गॅरेटला बेट सोडण्याचा हुकूम झाला. मिशनचे छपाईचे यंत्र दुसऱ्या इंग्रज मिशनकडे सोपवावे लागले. यंत्र एकीकडे, ते चालवणारा दुसरीकडे, अशी गत झाली. गॅरेट भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आला आणि १८२१ च्या उन्हाळ्यात मुंबईला पोहोचला. म्हणजे मराठी मुद्रणाला त्याचा मुद्रक मिळाला तो सिलोनच्या एका संशयी अधिकाऱ्याच्या कृपेने. इतिहासात असे उपकारकर्ते पुष्कळ असतात. त्यांचे पुतळे कोणी उभारीत नाही.

गॅरेट आला त्याच वर्षी, ३० मे रोजी, मुंबईत सॅम्युएल न्यूएल हा मिशनरी पटकीने वारला. येथून मुद्रकाच्या चरित्रात त्याच्या घराचा इतिहास सुरू होतो, आणि तो सांगायचा तर न्यूएलच्या पहिल्या पत्नीपासून सांगायला हवा.

हॅरिएट न्यूएल ही १८१२ मध्ये नवऱ्याबरोबर निघाली. कलकत्त्याला त्यांना राहू दिले नाही. मॉरिशसकडे जाताना जहाजावरच तिला मुलगी झाली आणि गेली. पाठोपाठ नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला हॅरिएटही वारली. वय अवघे एकोणीस. तिची पत्रे आणि रोजनिशी यांचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि पिढ्यान् पिढ्या घरोघर वाचले गेले. एकही माणूस न बाटवता, एकही शाळा न काढता ती तिकडची संतिणी झाली. न्यूएलचे दुसरे लग्न १८१८ मध्ये मुंबईत फिलोमेला थर्स्टन हिच्याशी झाले. तीन वर्षांत ती विधवा झाली. मार्च १८२२ मध्ये तिने गॅरेटशी लग्न केले.

आजच्या वाचकाला ही घाई वाटेल. पण परमुलखात, ज्या शहरात पटकी दर उन्हाळ्यात दारात उभी असे तेथे, एकट्या बाईपुढे दोनच वाटा होत्या : पुन्हा संसार मांडणे किंवा चार-पाच महिन्यांचा समुद्रप्रवास करून परत जाणे. फिलोमेलाने पहिली वाट धरली आणि ती धर्मोपदेशकाच्या घरातून छापखानेवाल्याच्या घरात आली. हे अंतर आपल्याला वाटते त्याहून मोठे होते. बोर्डाच्या नोंदीत दीक्षा घेतलेले ते ‘मिशनरी’. मुद्रक, शिक्षक आणि शेतकरी हे ‘सहायक मिशनरी’. चातुर्वर्ण्यावर प्रवचने छापणाऱ्या मंडळींच्या घरातही अशी एक पंगत होती, आणि हाताने काम करणाऱ्याचे पान तिच्यात खालीच मांडलेले असे. मिशनऱ्यांची चरित्रे निघाली, हॉलचे निघाले, हॅरिएटचे तर निघालेच. मुंबईत दोन नवऱ्यांना मूठमाती देणाऱ्या फिलोमेलाचे नाव मात्र नोंदवहीतल्या एका ओळीपुरते राहिले. १८३१ मध्ये गॅरेट वारला, आणि त्यानंतर ती अमेरिकेला परतली. गॅरेटच्या घराची मुंबईतली गोष्ट येथे संपली. त्याच्या नावाचे कोणी मराठी मुलखात उरले नाही.

आता छापखान्यात जाऊ.

इंग्रजी छापणाऱ्या मुद्रकासमोर नागरी लिपी ठेवली म्हणजे त्याचे काय होत असेल, याची कल्पना आपल्या साहित्याच्या वर्गात कोणी करून देत नाही. अक्षर घडते ते असे : पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, कांडी तापवून कडक करायची, ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट ठसा घ्यायचा, तो साच्यात बसवून त्यावर शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा. निवालेला खिळा बाहेर काढून घासायचा, कारण एक केसाएवढी कड जास्त राहिली तरी सारी ओळ वाकडी उभी राहते. रोमन लिपीसाठी हे शंभर-दीडशे आकारांचे काम आहे. नागरीत काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरता तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो. शिवाय अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखाली काही ना काही बसलेले असते. याला दोन उपाय निघाले. मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचे, हा अखंड प्रकार. अक्षर वेगळे, वरची-खालची चिन्हे वेगळी आणि ती थरांनी जुळवायची, हा दुसरा. छापखान्यांत त्याला ‘डिग्री’ म्हणत. पहिल्यात खिळ्यांचे घर अवाढव्य होते, दुसऱ्यात जुळाऱ्याची कसोटी लागते. मात्रा किंचित सरकली की ‘ते’ आणि ‘त’ यांच्या मधले काहीतरी पानावर उमटते.

ही झुंज चालू असतानाच या छापखान्यातून १८२६ मध्ये मराठी नवा करार पूर्ण झाला. त्याच्या भाषांतरात ज्याचा वाटा मोठा होता तो गॉर्डन हॉल त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूच्या दौऱ्यात, दोडी-दापूर येथे पटकीने वारला. जॉन निकल्स १८२४ मध्ये गेला होता, एडमंड फ्रॉस्ट १८२५ मध्ये. भाषांतरकार मरत होते आणि छापणारा छापत होता. हा ग्रंथ मराठी गद्य म्हणून ओबडधोबड आहे, हे कोणीही मान्य करील. पण त्याच्याएवढे सलग मराठी गद्य त्याआधी मुंबईत खिळ्यांवर क्वचितच जुळवले गेले होते. परिच्छेद कोठे तोडायचा, विरामचिन्ह कोठे टाकायचे, शब्दांमध्ये जागा किती सोडायची, हे प्रश्न पोथीच्या किंवा मोडीच्या लेखकाला पडलेच नव्हते. मोडीत तर ओळ काढायची आणि तिच्याखाली अक्षरे लोंबत सोडायची. शब्द तोडण्याची गरजच काय? सेरामपूरला विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडीत छापला गेला होता. मुंबईच्या छापखान्यांनी मुख्यतः बालबोध धरली. आज आपण ज्या लिपीत निबंध तपासतो ती ‘मराठीची लिपी’ म्हणून रुळली, त्यात जुळाऱ्यांच्या सोयीचा वाटा वैयाकरणांच्या मतांपेक्षा कमी नसावा, असे आमचे मत आहे.

ही पाने मुंबईतच राहिली नाहीत. आम्ही राहतो ते वरसे रोह्याला लागूनच आहे. रोह्याची कुंडलिका पश्चिमेकडे वाहत जाऊन रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते, आणि रस्ते होण्यापूर्वी या मुलखाचे मुंबईशी दळणवळण होते ते गलबतांच्या आणि मचव्यांच्या जोरावर. तांदूळ, मीठ, लाकूड तिकडे जाई; कापड आणि माणसांच्या बातम्या इकडे येत. याच जलमार्गाने १८२० च्या दशकात अमेरिकन मिशनच्या शाळा खाडीपलीकडे रेवदंडा, चौल, अलिबाग या बाजूला आल्या, आणि शाळांबरोबर छापील पुस्तिकाही आल्या. या शाळांत शिकवणाऱ्यांमध्ये बेने इस्रायल पंतोजी बरेच होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे हे लोक आपल्याच गावांची नावे आडनावांत वागवीत : रोहेकर, पेणकर, नागावकर, किहीमकर. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू आणि हातात तेलाचा घाणा असा हा समाज. मिशनला वाटले, जुना करार मानणारे हे लोक नवाही मानतील. तसे झाले नाही. त्यांनी अक्षर घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत काढले. आणि १८४६ मध्ये मुंबईत, पुढे १८७४ मध्ये पुण्यात, वल्हांडणाच्या सणाची हगादा हिब्रू-मराठी अशी छापली गेली. पुण्याच्या प्रतीत तर चित्रेही आहेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पुस्तकांना दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. पेण-रोह्याच्या मराठीचा कान असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यांच्या भाषेचा अभ्यास करावा, एवढे येथे सुचवून ठेवतो.

छापील कागदाला हिंदू घरात मात्र सहज प्रवेश नव्हता. त्या काळच्या मुंबईत छापील पुस्तकाला शिवायलाही कचरणारे लोक होते. गोविंद नारायण माडगावकर यांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात ही हकीकत आली आहे. शाईत चरबी असते ही शंका, आणि छापणारे कोण हे तर उघडच होते. ही अडचण गॅरेट सोडवू शकत नव्हता. ती सोडवली गणपत कृष्णाजी यांनी. भंडारी समाजातील या गृहस्थांनी अमेरिकन मिशनचे मुद्रण पाहिले, घरीच लाकडी यंत्र उभे केले, दगडाचे तुकडे मिळवून शिळाछापाचे प्रयोग केले, शाई स्वतः बनवली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून विकायला काढले. पोथ्यांच्या शाईत त्यांनी चरबीऐवजी तूप घातले, अशीही नोंद मुद्रणाच्या इतिहासात आहे. पुढे त्यांनी खिळ्यांचे ठसेही स्वतः तयार केले.

१८३१ हे गॅरेटच्या मृत्यूचे वर्ष. अमेरिकन छापखाना ज्या तिथिवारनक्षत्रांना भ्रम ठरवण्यासाठी चालू होता, तीच तिथिवारनक्षत्रे त्याच्याकडे पाहून शिकलेल्या माणसाने त्याच वर्षी छापून घराघरांत नेली. मराठी माणसाने छापील कागद भीती न बाळगता हातात घेतला तो उपदेशासाठी नव्हे, एकादशी कधी आहे हे पाहण्यासाठी. आम्हांला तरी मराठी वाचकाच्या जन्माची ही वेळ सनदा, कायदे आणि शिक्षणखात्याचे अहवाल यांपेक्षा अधिक खरी वाटते.

यावर कोणी म्हणेल की, म्हणजे मराठी मुद्रण ही अमेरिकेची देणगी झाली. तसे म्हणणे चुकीचे आहे. ‘बॉम्बे कुरिअर’च्या छापखान्यात बेहरामजी जीजीभाई छापगर यांनी १७९७ मध्येच गुजराती अक्षरे कोरली होती. फर्दुनजी मर्झबान यांचा छापखाना १८१२ चा आणि त्यांचे गुजराती पंचांग १८१४ चे. सेरामपूरला पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी कोरलेल्या अक्षरांवर अर्ध्या आशियाच्या लिपी छापल्या गेल्या. तंजावरला सरफोजीराजांचा छापखाना होता. पोलादात अक्षर कोरणे ही सोनार-लोहारांची विद्या, आणि ती आपल्याकडे कमी नव्हती. अमेरिकन छापखान्याने वेगळे केले ते एवढेच की त्याने ही विद्या घराण्याबाहेर काढली. कर्मकारांकडे ती सासऱ्याकडून जावयाकडे गेली. मुंबईत ती रोजंदारीवर आलेल्या कोणत्याही पोराला मिळू लागली, कारण मुद्रकाने यूटिकाहून येताना उमेदवारीची रीत बरोबर आणली होती. यामागे समतेचा विचार होता असे नाही. हात हवे होते.

त्या हातांपैकी एक टॉमस ग्रॅहॅम. हा युरेशियन मुलगा मिशनच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला आणि अक्षरे कोरण्यात इतका तरबेज झाला की त्याच्या मराठी आणि गुजराती खिळ्यांनी या छापखान्याचे नाव झाले. १८३५ मध्ये एलायजा वेब्स्टर हा दुसरा अमेरिकन मुद्रक आला आणि काही वर्षांनी गेला; ग्रॅहॅम राहिला. बाहेरून आणलेल्या जाड, बोजड अक्षरांच्या जागी सुटसुटीत बालबोध वळण आले ते त्याच्या हातून. असाच प्रकार बैरुतलाही त्या सुमारास घडला : एली स्मिथने सुलेखनाचे नमुने जमवले, होमन हॅलॉक या अमेरिकन कारागिराने त्यांवरून अरबी अक्षरे कोरली, आणि ते वळण अरबी छपाईत दूरवर पसरले. मुंबईत मात्र हे काम अमेरिकनाने केले नाही. येथल्याच, समाजाच्या कडेवर उभ्या असलेल्या एका मुलाने ते केले.

आणि दुसरे हात जावजी दादाजी चौधरी यांचे. जन्म १८३९, मुंबईचा. घरची गरिबी, शाळा जेमतेम. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानगा जावजी लागला तो दरमहा दोन रुपयांवर, खिळे घासायला. वर ज्या घासण्याचा उल्लेख आला तेच हे काम : ओतशाळेतले सगळ्यात हलके आणि सगळ्यात कंटाळवाणे. पण दिवसभर अक्षरांच्या कडा बोटांनी चाचपणाऱ्याला अक्षराचे वळण जितके कळते तितके पाहणाऱ्याला कळत नाही. ग्रॅहॅमच्या हाताखाली तो ठसे आणि ओतकाम शिकला. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. मिशनऱ्यांनी उपदेश करावा, व्यवसाय चालवू नयेत, अशा मताचे ते होते. त्या दशकात मिशनने छापखान्यातून अंग काढून घेतले. कारागीर शहरभर पांगले. जावजी ‘इंदुप्रकाश’ आणि इतर छापखान्यांतून काम करीत राहिले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना घातला, राणोजी रावजी आरू या कुशल ठसेकाराची साथ त्यांना मिळाली, आणि १८६९ मध्ये कोलभाट गल्लीत निर्णयसागर उभा राहिला.

निर्णयसागरचे नाव कोणाला सांगायला नको. मात्र संस्कृतच्या अध्यापकांना ते पाठनिर्णयासाठी आठवते, त्याच्या वंशासाठी नव्हे. १८८६ मध्ये सुरू झालेली ‘काव्यमाला’ पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली निघाली. त्या दोघांची विद्वत्ता निर्विवाद आहे. पण टीपा, पाठभेद आणि मूळ हे तीन आकारांच्या अक्षरांत एकाच पानावर गर्दी न करता बसवणे ही वेगळी विद्वत्ता आहे. तीव्र जोडाक्षरांनी भरलेला गद्यकाव्याचा समास दोन ओळींत तोडताना तो कोठे तोडला तर वाचकाचा श्वास अडणार नाही, हे जुळारी ठरवीत होता. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून येथूनच निघू लागले, आणि मराठी मुलांना पहिल्यांदा नियमित, स्वच्छ, डोळ्यांना न शिणवणारी पाने मिळाली.

जावजी १८९२ मध्ये वारले. त्यांच्यामागे मुलगा तुकाराम जावजी याने छापखाना चालवला, त्यानंतर पांडुरंग जावजी यांनी. परक्यांच्या मुलांना शिकवण्याच्या रिवाजातून आलेली विद्या येथे पुन्हा घरात स्थिरावली. महाराष्ट्राच्या मातीचा हा गुण म्हणावा की दोष, ते वाचकांनी ठरवावे. जावजींच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १८९० मध्ये, वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली निर्णयसागरातून ‘काव्यसंग्रह’ हे मासिक सुरू झाले. मिशनच्या पुस्तिकांनी ज्या पुराणकथांवर सत्तर वर्षे टीका केली होती, त्या कथांवर रचलेले मराठी पंडितकवींचे काव्य यूटिकाच्या मुद्रकापासून चालत आलेल्या खिळ्यांच्या विद्येने, मात्रा न हलू देता, महिन्यामागून महिना छापून निघू लागले.